धागे नंबरानं लावू, की सगळे टाकून नव्यानं सुरुवात करू?

पत्राचा सारांश

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई चौतीस वर्षांच्या, घर शेतीचं, कुटुंब एकत्र. शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी फुलीचा टाका शिकवला, तेव्हापासून आधी मॅटीवर आणि आता आयडा कापडावर त्या क्रॉस स्टिच करतात. धागे तीन प्रकारचे आहेत: स्वतः घेतलेल्या अँकर कंपनीच्या लड्या, ऑनलाइन मागवलेल्या किटमधले उरलेले धागे आणि दिवंगत सासूबाईंच्या लोखंडी पेटीतले जुने धागे. सगळे दोन कापडी पिशव्यांत कोंबलेले, गुंतलेले, बहुतेकांचे नंबराचे कागद गेलेले. पिशव्या कधी दिवाणात, कधी आलमारीवर, पाहुणे आले की बाजेखाली. विठ्ठल-रखुमाईची चौकट अर्धी झाली आहे. पितांबराचा पिवळा धागा संपला, अंदाजानं दुसरा आणला आणि आता पितांबर दोन रंगांचा दिसतो. मोबाइलवर त्यांनी प्लास्टिकच्या बॉबिनवर गुंडाळून नंबरानं लावलेले धाग्यांचे डबे पाहिले. तसा पूर्ण संच मागवून जुने धागे टाकून द्यावेत, असं त्यांच्या मनात आहे. मिस्टर म्हणतात, "धाग्यापायी इतके पैसे घालाचे काय?" जाऊबाई म्हणतात, सासूबाईंचे धागे टाकू नका. दिवाळीपासून भाव येईपर्यंत अर्ध्या खोलीत कापूस असतो, त्यामुळे जागा नाही. शेवटी त्या लिहितात, "मला नीटनेटकेपणा जमतच नाही. नवे धागे घेऊ, की हा नादच सोडून देऊ?"

उत्तर

ताई,

नाद सोडायचा विचार आधी बाजूला ठेवा. सोडून द्यावं असं काही घडलेलंच नाही. पितांबर दोन रंगांचा झाला तो सावरता येतो, कसा ते पुढे सांगते. त्याआधी तुमच्या एका वाक्याशी मला थोडं भांडायचं आहे. नीटनेटकेपणा जमत नाही, असं तुम्ही लिहिता. एका इंचात चौदा घरं असलेल्या कापडावर न चुकता घर मोजणाऱ्या, सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच बाजूला झुकलेला ठेवणाऱ्या बाईबद्दल मी हे कसं मान्य करू? तुमचे धागे गुंतले, कारण त्यांना घरात ठरलेली जागा नाही. आज दिवाणात, उद्या बाजेखाली अशी फिरणारी पिशवी कुणाचीही असती तरी तिच्यात गुंताच झाला असता.

आता त्या व्हिडिओतल्या डब्यांचं बघू. दिसायला ते सुंदर असतात आणि काहींना खरोखर उपयोगी पडतात. डीएमसी ही फ्रान्समधली १७४६ पासूनची कंपनी, तिच्या सहा पदरी धाग्यात जवळपास पाचशे रंग आहेत. अँकरमध्येही चारशेच्या वर आहेत. ज्यांच्याकडे यातले दोन-तीनशे रंग आहेत, ज्या एका वेळी चार-पाच ग्राफवर, म्हणजे नमुन्याच्या चौकोनी तक्त्यांवर, काम करतात, त्यांना नंबराच्या क्रमानं लावल्याशिवाय धागा सापडणार नाही. पण नंबराचा क्रम म्हणजे रंगांचा क्रम नव्हे. डीएमसीत ३०९ गडद गुलाबी आहे, ३१० काळा आणि ३११ निळा. तुम्ही ज्या रीतीनं काम करता, म्हणजे एक चौकट हातात आणि तिच्यासाठी वीस-तीस रंग, त्या रीतीला असा डबा फारसा कामाचा नाही. तुम्हाला "याच्याहून जरा फिका पिवळा" हवा असतो, आणि नंबरानं लावलेल्या डब्यात तो भलत्याच खणात निघतो.

म्हणून पूर्ण संच घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. पाचशेतले कितीतरी रंग तुमच्या सुईत कधी येणारच नाहीत. मिस्टरांच्या प्रश्नात टोमणा असेल, पण हिशेब बरोबर आहे. मात्र त्यांना हेही सांगा की पितांबराचा दुसरा धागा वाया गेला तो नंबर हरवल्यामुळे. धागे नीट ठेवले की पैसे वाचतात, आणि ते ठेवायला घरातल्याच वस्तू पुरतात.

धागा कशानं खराब होतो ते तुमच्यासारख्या कापूस उत्पादकाला मी सांगायला नको. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्यावर गेला की गाडी परत. भरतकामाचा धागा हाही कापूसच आहे, फक्त पिंजून, कातून, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढून चमकदार केलेला. ओल लागली की त्यालाही बुरशी धरते, वास लागतो, आणि फिक्या रंगांवर पिवळे-करडे ठिपके पडतात ते पुढे जात नाहीत. आपल्याकडे ओल फक्त पावसाळ्यातच येते असं नाही. चैत्र-वैशाखात कूलर लागतो, त्याची ओली हवा ज्या कोपऱ्यावर येते तिथे ठेवलेला पुठ्ठ्याचा डबा आठवड्यात मऊ पडतो. तेव्हा धाग्यांचा डबा कूलरच्या तोंडासमोर नको, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला लागून नको आणि टिनाच्या छपराला लागून असलेल्या फळीवरही नको.

दुसरा शत्रू उजेड. खिडकीतून थेट ऊन येतं तिथे पारदर्शक डबा ठेवला तर रंग उडतात, आणि सगळे सारखे उडत नाहीत. एकाच लडीची बाहेरची बाजू फिकी आणि आतली गडद होते. काम करताना कळत नाही, चौकट भिंतीवर लागली की दिसतं.

तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. खोलीत कापूस असला की उंदीर येतात आणि हवेत बारीक तूस उडत राहते. उंदराला कापडी पिशवी कुरतडायला वेळ लागत नाही. तूस धाग्याला चिकटते आणि मग काळ्या धाग्याच्या फुलीत पांढरे केस दिसतात. म्हणून कापडी पिशव्या आजच बाद करा. झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा घ्या. सासूबाईंची लोखंडी पेटी गंजलेली नसेल तर तीच उत्तम. आत जुन्या सुती धोतराचं किंवा साडीचं धुतलेलं, पूर्ण वाळलेलं कापड अंथरा आणि पेटी खाली ठेवायची झाली तर जमिनीला न टेकवता दोन विटांवर ठेवा.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे, आणि ती फक्त तुम्हाला नाही. शेतीच्या घरात झाकणाचे चांगले डबे आयते मिळतात: कीटकनाशकांचे, तणनाशकांचे, बियाण्यांचे. कितीही धुतले तरी ते धाग्यांसाठी वापरू नका. सुईत ओवताना आपण धाग्याचं टोक ओठांत धरतो, जिभेनं ओलं करतो. लहान मुली तर हमखास करतात. कपाशीच्या बियाण्यालाही औषध चोळलेलं असतं. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर गेले, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. तो डबा घरात कशासाठीच नको.

आता मुख्य काम, म्हणजे गुंता. एका दुपारी सगळं उरकायला बसू नका. निंदण-डवरणीची घाई ओसरली की पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत उघडीप मिळेल त्या सकाळी तास-दीड तास काढा. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होऊन वेचणी सुरू झाली की हात मोकळे राहणार नाहीत आणि खोलीही भरेल, म्हणून त्याआधी संपवायचं. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटं खरखरीत होतात आणि धाग्याचे पदर त्यात अडकतात, हे तर तुमच्या अनुभवाचं असेल. त्या दिवसांत रात्री झोपताना हाताला खोबरेल लावा आणि टाके घालायच्या आधी साबणानं हात धुऊन कोरडे करा.

ओसरीत बसा, पांढरी चादर अंथरा आणि सकाळच्या उजेडात रंग वेगळे करा. रात्री बल्बखाली हे काम करू नका. त्या उजेडात गडद निळा आणि काळा, मोरपंखी आणि हिरवा सारखेच दिसतात. आधी फक्त रंगांचे ढीग करा: लाल-गुलाबी, पिवळा-केशरी, हिरवा, निळा-जांभळा, तपकिरी, पांढरा-करडा-काळा. गुंता सोडवायचा तो नंतर, एका वेळी एका ढिगातला. ओढायचं नाही, सैल करत जायचं. गाठ बसली तर बोथट सुईचं टोक तिच्यात घालून ती मोकळी करा. पाच मिनिटांत सुटली नाही तर कात्री लावा. हातभर लांबीचा तुकडाही कितीतरी फुल्यांना पुरतो, त्यामुळे कापलेला धागा वाया गेला असं समजू नका.

ज्या लड्यांवर कागदाचे पट्टे अजून आहेत त्यांना हातही लावू नका. त्या बॉबिनवर गुंडाळायची गरज नसते. लडीचं एक टोक अलगद ओढलं की धागा सरळ निघत येतो. अडला तर लगेच थांबून दुसऱ्या टोकानं बघायचं. पट्टे लडीवर तसेच राहू द्या. पट्टे गेलेले, अर्धवट उरलेले धागे तेवढे कार्डांवर गुंडाळा. नव्या शर्टाच्या घडीत येतो तो पांढरा पुठ्ठा यासाठी चांगला. चार बोटं लांब, तीन बोटं रुंद तुकडे कापून दोन्ही बाजूंना खाच पाडली की झालं. लग्नपत्रिकाही चालते, पण तिची सोनेरी किंवा रंगीत बाजू नको, तिचा रंग धाग्याला लागतो. वर्तमानपत्राचा कागद तर मुळीच नको. गुंडाळताना ढिलं गुंडाळा. घट्ट गुंडाळलेल्या धाग्याला कडांच्या घड्या पडतात, आणि तशा धाग्याची फुली भरून दिसत नाही. घडी पडलीच तर धागा ओल्या बोटांमधून ओढून वाळू द्या.

कार्डावर नंबर पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीत पसरते. रबरबँड लावू नका. आपल्या उन्हाळ्यात तो चिघळतो आणि धाग्याला चिकटतो, तो डाग निघत नाही. टाचणी आणि स्टेपलरची पिनही नको, गंज धरते. कसरीसाठी डांबर गोळ्यांपेक्षा सावलीत पूर्ण वाळवलेला कडुलिंबाचा पाला बरा. तो सुती पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवायचा, धाग्याला लागू द्यायचा नाही. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या जपून ठेवा आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा बेतानं डब्यात टाका.

मग हे सगळं लावायचं कसं? माझं मत असं आहे की धागे दोन ठिकाणी असावेत. एक चालू कामाचे आणि एक साठ्याचे. चालू कामासाठी वही-एवढा पुठ्ठा घ्या, कडेनं शाळेच्या पंचिंगनं भोकं पाडा. ग्राफमधल्या प्रत्येक रंगाचे हातभर लांबीचे धागे एकेका भोकात दुमडून अडकवा आणि शेजारी नंबर आणि ग्राफमधलं चिन्ह लिहा. हा पुठ्ठा, ग्राफ, कापड आणि सुई असं सगळं एका चेनच्या प्लास्टिक पिशवीत. पाहुणे आले तर ती एक पिशवी उचलायची, बाकी काही हलवायचं नाही. फक्त सुई कापडात टोचून ठेवू नका, गंजाचा ठिपका पडतो. ती वेगळ्या लोकरी तुकड्यात टोचा.

साठ्याचे धागे रंगांच्या कुळानं, म्हणजे ते सहा-सात ढीग केले तसेच, एकेका लहान पुडक्यात. त्यात नंबर क्रमानं नसले तरी चालेल, पण जिथे नंबर माहीत आहे तिथे तो धाग्यापासून तुटू द्यायचा नाही. सगळ्या सल्ल्यातली हीच एक गोष्ट मी हट्टानं पाळायला सांगेन. बाकी रीत तुमच्या सोयीची असू द्या. शंभराच्या वर रंग झाले की मग नंबराच्या क्रमाचा विचार करा.

किटमधल्या धाग्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर बऱ्याचदा कंपनीचा नंबर नसतो, फक्त भोकांच्या पुठ्ठ्यावर चिन्ह असतं. ते साठ्यात मिसळू नका. त्या किटच्या ग्राफसकट त्यांची वेगळी पुडी ठेवा, म्हणजे पुढे धुताना टाका उसवला तर तोच रंग हाताशी असतो.

नंबर हरवलेल्या धाग्यांचं काय? त्यांचा बोटभर तुकडा कापून एका पट्टीवर ओळीनं बांधा आणि यवतमाळला किंवा अमरावतीला जाणं होईल तेव्हा सोबत न्या. भरतकामाच्या सामानाच्या दुकानात कंपनीचं शेड कार्ड, म्हणजे नंबरासकट सगळ्या रंगांचे नमुने असलेलं कार्ड, असतं. ते काउंटरवरच्या ट्यूबखाली न पाहता दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात धरून जुळवा. अँकर आणि डीएमसीचे नंबर एकमेकांशी जुळवणारे तक्तेही मिळतात. डीएमसीचा ३१० काळा म्हणजे अँकरचा ४०३, हे सरळ आहे. मधल्या छटांत मात्र ती जोडी "जवळची" असते, तीच नसते. त्यामुळे एका चौकटीत एकच रंग दोन कंपन्यांचा वापरू नका. तुमच्या बचत गटात आणखी तीन-चार जणी भरतकाम करत असतील, तर शेड कार्ड सगळ्यांत मिळून एक घ्यावं.

खरेदीचा हिशेब असा करता येईल. एक लडी ८ मीटरची, सहा पदरांची. हातभर म्हणजे ४५ सेंटीमीटरचे तुकडे केले तर सतरा होतात. चौदा घरांच्या कापडावर आपण दोन पदर वापरतो, म्हणजे एका तुकड्याच्या तीन सुया, एका लडीच्या एक्कावन्न. आता तुमच्या हातानं, तुमच्या कापडावर एका सुईत किती फुल्या होतात ते एकदा मोजा. समजा तीस झाल्या, तर एका लडीत साधारण दीड हजार. ग्राफवर त्या रंगाच्या फुल्या मोजल्या की किती लड्या लागतील ते कळतं. मोठ्या जागेच्या रंगाच्या सगळ्या लड्या एकदमच घ्या आणि एखादी जास्तीची घ्या. नंबर तोच असला तरी रंगवण्याचा लॉट बदलला की छटेत बारीक फरक पडू शकतो. तुमच्याकडे कोणते नंबर आहेत त्याची यादी मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे बाजाराच्या दिवशी असलेलाच रंग पुन्हा घेतला जाणार नाही.

पितांबराकडे येते. कापडाच्या मागे जुन्या पिवळ्याचं शिवून राहिलेलं टोक असेल, ते कापून शेड कार्डावर जुळवा. मागची बाजू उजेडात नसते, म्हणून तिथला रंग खरा असतो. नेमका नंबर सापडला तर नवी अर्धी बाजू उसवून पुन्हा भरा, दुसरा उपाय शोधत बसू नका. अगदी जवळचाच रंग मिळाला, तोच नाही मिळाला, तर दोन वाटा आहेत. पितांबराला निऱ्या असतात. जिथे रंग बदलतो तिथे एक निरी गडद पिवळ्या किंवा फिक्या तपकिरी रंगाच्या एका ओळीनं काढा, म्हणजे दुसरा पिवळा निरीच्या सावलीतला वाटतो. मला स्वतःला दुसरी वाट जास्त आवडते. जोडावरच्या जुन्या रंगाच्या चार ओळी न कापता, सुईच्या टोकानं एकेक टाका ओढून उसवा. तो धागा कोमट पाण्यात बुडवून सरळ वाळवा, त्याचे दोन पदर वेगळे करा आणि सुईत एक पदर जुना, एक नवा असं ओवून सहा-सात ओळी भरा. दोन पिवळ्यांमधली रेघ दिसत नाही, रंग हळूहळू उतरत जातो.

सासूबाईंच्या धाग्यांचं तुम्ही आणि जाऊबाई दोघींनी एकच गृहीत धरलं आहे, की ते एकतर वापरायचे नाहीतर टाकायचे. मला वाटतं, आधी तपासायचे. एक पदर वीतभर लांब धरून दोन्ही हातांनी झटका द्या. चांगला सुती धागा प्रतिकार करतो, कुजलेला सहज तुटतो. मग पांढऱ्या वाटीत गरम पाण्यात तुकडा भिजवा, आणि काढून पांढऱ्या कापडावर इस्त्रीखाली दाबा. लाल, मरून, काळा आणि गडद निळा यांचा रंग जातो का, हे मुख्यतः बघायचं. रंग जात असेल तर तो धागा कधीही फिक्या कापडावर घेऊ नका, धुताना सगळी चौकट जाते. काही धागे जास्त चकचकीत आणि निसरडे वाटले तर ते सुती नसावेत. टोक जाळून पाहिलं आणि वितळून कडक मणी झाला, तर तो पॉलिएस्टर किंवा नायलॉन. ही परीक्षा अंगणात करा, कापूस भरलेल्या खोलीत काडी पेटवू नका.

मजबूत आणि रंग न जाणारे धागे साठ्यात न मिसळता त्याच पेटीच्या एका कोपऱ्यात वेगळे ठेवा. त्यांचा नंबर मिळणार नाही आणि पुन्हा तोच रंग मिळणार नाही, म्हणून त्यांचं काम लहान असावं: रुमालाचा कोपरा, तोरणातली एक पट्टी, उशीच्या अभ्र्यावरची वेल. कुजलेले टाकून द्या, त्यात अनादर नाही. आणि जाऊबाईंना बोलवा. त्या टाके घालत नसल्या तरी "टाकू नका" म्हणाल्या, याचा अर्थ त्यांना त्या पेटीत काहीतरी आपलं वाटतं. कोणते रंग ठेवायचे ते दोघींनी मिळून ठरवा. त्यांच्यासाठी त्याच धाग्यांतून एखादी लहान वस्तू केलीत तर पेटी कुणाची हा प्रश्नच राहणार नाही.

जागेचं शेवटी लिहिते, कारण ते मला सगळ्यात अवघड वाटतं. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय, "घरात जागा मागायची कशी." तुमच्या घरात फवारणीच्या पंपाला जागा आहे, बियाण्याच्या पावत्यांना आहे, बैलांच्या झुलींना वर्षभर आहे. धाग्यांना लागते ती चपलांच्या दोन खोक्यांएवढी. ती मागायचीच असते, असं का धरून चाललात? आलमारीत ज्या खणात तुमच्या साड्या आहेत, त्यातल्या चार घड्या दुसरीकडे हलवा आणि डबा तिथे ठेवा. ज्या वस्तूची जागा रोज तीच असते, तिला घरातले लोक महिन्याभरात पसारा म्हणायचे थांबतात. कापसाच्या दिवसांतही तो खण कापसापासून वेगळा, बंद राहतो. एवढं करूनही कुणी बोललं, तर त्या वेळी बोला. आधीच माफी मागून ठेवू नका.

पूर्व विदर्भातल्या, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या वाचक ताईंसाठी थोडं वेगळं. तुमच्याकडे पाऊस जास्त आणि बरीच घरं कवेलूची, म्हणजे कौलारू. तिथे पूर्ण हवाबंद डबा पावसाळ्यात घाईनं भरू नका, आत अडकलेली ओल आतच राहते. धागे उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवशी डब्यात भरा, झाकणाच्या सांध्यावर कापडाची पट्टी द्या आणि पावसाळ्यात डबा विनाकारण उघडू नका. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की सगळी पुडकी एकदा बाहेर काढून सावलीत दिवसभर पसरा, थेट उन्हात नको. वास घ्या. कोंदट वास आला तर ते पुडकं वेगळं करा आणि तीन-चार दिवस हवेवर ठेवूनच परत आत टाका.